शेवटची मोटारसायकल

मुलांनो, हिवाळ्यात पहाटे साडेचार वाजता पांघरुणातून बाहेर यायला तुम्हांला आवडते का? मला मुळीच आवडत नाही. तरीही वर्षातून एक रविवार असा येतो, की गजर वाजण्याआधीच मी जागा असतो. त्या दिवशी आमच्या मोटारसायकल मंडळाची हिवाळी सफर असते.

‘मंडळ’ हा शब्द ऐकून फार मोठी संस्था डोळ्यांसमोर आणू नका. आमच्या मंडळाला कचेरी नाही, पाटी नाही, वर्गणीची पावतीही नाही. जुन्या मोटारसायकलींवर जीव असलेली आम्ही दहा-बारा माणसे. कोणी शिक्षक, कोणी कारखान्यात कामगार, कोणी बँकेत कारकून. एकाचे फळांचे दुकान आहे. वर्षभर प्रत्येक जण आपापल्या कामात असतो. पण संक्रांतीच्या पुढेमागे ज्वारीच्या कणसात दूध भरले, हुरडा तयार झाला, की निरोप फिरतो, “रविवारी, सकाळी सहा, पैठण गेट.” बस, एवढेच. दिवसभर फिरायचे आणि संध्याकाळी घरी परत यायचे.

आज मी तुम्हांला जानेवारी २०१८ मधल्या सफरीची गोष्ट सांगणार आहे. तेव्हा आमच्या शहराचे नाव औरंगाबाद होते; २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. पैठण गेट मात्र आहे तेथेच आहे. जुन्या काळी शहराभोवती तटबंदी होती. तटाच्या काही दरवाजांना, तेथून ज्या गावाचा रस्ता निघे, त्या गावाचे नाव मिळाले. दिल्लीकडे जाणारा तो दिल्ली दरवाजा आणि दक्षिणेला पैठणकडे जाणारा तो पैठण दरवाजा. हा रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा. जवळजवळ मध्यावर बिडकीन लागते. बिडकीन हे माझे गाव. नोकरीमुळे मी शहरात राहतो. पण आई, थोरला भाऊ आणि शेत तिकडेच आहे.

पैठण फार जुने शहर. त्याचे प्राचीन नाव प्रतिष्ठान. सातवाहन राजांची ती राजधानी होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापारावर एक पुस्तक लिहिले. त्यात पैठणचा उल्लेख आहे. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे नेत आणि त्या प्रवासाला वीस दिवस लागत, असे त्याने लिहिले आहे. वीस दिवस! म्हणजे गाड्यांचे तांडेच्या तांडे या मुलखातून चालत असणार. तांडा म्हणजे काफिला. हा शब्द तुम्हांला मी समजावून सांगायला नको.

आमच्या मंडळालाही ‘काफिला’ असेच म्हणतात. हे नाव दिले चाचांनी.

चाचा म्हणजे आमच्यातले सर्वांत वडीलधारे. मोटारसायकली दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. तुमच्यासारखेच तेही उर्दू शाळेत शिकलेले. मराठी त्यांनी गॅरेजात, गिऱ्हाइकांशी बोलता बोलता शिकून घेतली. त्यामुळे त्यांच्या मराठीत पान्हा, किक, पिस्टन आणि अदब हे सगळे एकत्र नांदते. त्यांच्याकडे जुनी राजदूत मोटारसायकल आहे. राजदूत म्हणजे उर्दूत सफीर. “सफीर सफरीला निघाला,” हा विनोद ते दरवर्षी न चुकता करतात आणि आम्हीही दरवर्षी न चुकता हसतो.

या जुन्या गाड्यांविषयी थोडे सांगतो. हल्ली बटण दाबले की गाडी सुरू होते. पूर्वी किक मारावी लागे आणि हिवाळ्यात तर मारतच राहावे लागे. थंडीने इंजिनातले तेल घट्ट होते, पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, पेट्रोल जास्त जाऊ द्यायचे आणि मग किक मारायची. आमच्यातल्या कारकुनांकडे बुलेट आहे. बुलेट मूळ इंग्लंडची. १९५५ पासून ती मद्रासमध्ये तयार होऊ लागली. माझी गाडी येझदी. ती म्हैसूरच्या कारखान्यात बने. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. राजदूतचे इंजिन १७५ सी.सी.चे, टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. ते ऑइल जळते आणि मागे निळसर धुराचा पडदा सोडत जाते. हा धूर लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सफरीचे नियम चाचांनीच घालून दिलेले. पहिला नियम हेल्मेटचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटची सक्ती आहे, हे चाचांना ठाऊक आहे. पण ते कायद्याचे नाव घेत नाहीत. ते म्हणतात, “गाडीचा डोक्याचा भाग मी बदलून देतो. तुमच्या डोक्याचा सुटा भाग बाजारात मिळत नाही.” (गिअरची मोटारसायकल चालवायला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हेही येथे सांगून ठेवतो. तुमच्यातल्या काही जणांचे हात शिवशिवतात, हे मला माहीत आहे.)

दुसरा नियम अंतराचा. सर्व गाड्या एकामागे एक सरळ रेषेत चालवायच्या नाहीत. पहिली गाडी आपल्या बाजूच्या रस्त्याच्या उजव्या भागात, दुसरी डाव्या भागात, तिसरी पुन्हा उजव्या भागात, अशी नागमोडी रांग ठेवायची. म्हणजे प्रत्येकाला पुढचे दिसते आणि थांबायला जागा राहते. नेमक्या आपल्या पुढे असलेल्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर हवे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. दोन सेकंदांचे २८ मीटर झाले. तुमच्या वर्गाची लांबी मोजा, म्हणजे २८ मीटर किती होतात ते कळेल.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. रांगेच्या शेवटी एक ठरलेला माणूस असतो. त्याने कोणालाही ओलांडून पुढे जायचे नाही. कोणाची गाडी बंद पडली, पंक्चर झाली, कोणाला उलटी झाली, तर शेवटच्या माणसाने त्याच्यापाशी थांबायचे. त्याच्याजवळ पंक्चरचे सामान, क्लचची जादा केबल, पान्हे आणि बॅटरी असते. त्याच्या पुढचा स्वार मधूनमधून डावा हात वर करतो. म्हणजे तो विचारतो, “आहेस ना?” शेवटच्या माणसाने पुढचा दिवा दोनदा उघडझाप करायचा. म्हणजे, “आहे.”

अनेक वर्षे ही शेवटची गाडी चाचांची असे. २०१८ साली ते म्हणाले, “आता माझे डोळे थकले. पिशवी तू घे.” आणि सामानाची पिशवी त्यांनी माझ्या येझदीला बांधली. आपण रांगेत मागे पडलो, एवढेच तेव्हा मला वाटले. खरे सांगतो, थोडे वाईटच वाटले.

त्या सकाळी पैठण गेटपाशी अकरा गाड्या जमल्या. अंधार होता. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. थंडीत मोटारसायकल चालवणे म्हणजे काय, हे चालवल्याशिवाय कळत नाही. हवा स्थिर असली, तरी गाडीच्या वेगाने ती अंगावर वाऱ्यासारखी आदळते आणि अंगातली ऊब काढून नेते. बोटे आधी दुखतात, मग ती आहेत की नाहीत तेच समजत नाही. यावर चाचांचा उपाय म्हणजे वर्तमानपत्र. सदऱ्यावर छातीशी आदल्या दिवशीचे उर्दू वर्तमानपत्र पसरायचे आणि वरून स्वेटर घालायचा. कागदातून वारा आत येत नाही. त्यांनी आम्हां सर्वांना एकेक पान वाटले. मला बाजारभावांचे पान मिळाले.

आपल्याकडची थंडी ती केवढी! जर्मनीत १९५६ पासून भर हिवाळ्यात मोटारसायकलस्वारांचा एक मेळावा भरतो. त्याला ‘हत्तींचा मेळावा’ म्हणतात, कारण त्या काळच्या एका अवजड जर्मन मोटारसायकलचे लाडके नाव ‘हिरवा हत्ती’ असे होते. ही माणसे दुरून बर्फातून गाड्या चालवत येतात आणि बर्फातच तंबू ठोकून राहतात. हे मी चाचांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “त्यांना एवढी वर्तमानपत्रे मिळतात कुठे?”

सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. सर्वांत पुढे बुलेट, दहावी राजदूत, अकरावी माझी येझदी. नक्षत्रवाडी, कांचनवाडी मागे पडली. चितेगावजवळ पाळी बदलून निघालेले कामगार मफलर गुंडाळून रस्त्याच्या कडेने चालले होते. धडधड करणारी बुलेट पाहून दोघा-तिघांनी हात हलवले. पुढे दोन्ही बाजूंना तुरीची आणि कापसाची शेते सुरू झाली. चाचांनी दोन वेळा हात वर केला. मी दोन्ही वेळा दिव्याने उत्तर दिले.

बिडकीनला चहा झाला. दादा फाट्यावर येऊन उभा होता. “दुपारी बारापर्यंत या. आगटी पेटवून ठेवतो,” असे सांगून तो शेताकडे गेला. आधी पैठण, मग जायकवाडीचा जलाशय आणि परतताना आमच्या शेतात हुरडा, असा बेत होता.

बिडकीन सोडले आणि ढोरकीनच्या पुढे धुके लागले. पैठणच्या बाजूला गोदावरीवर मोठे धरण आहे. एवढे पाणी जवळ असले, की हिवाळ्यात कधी कधी दाट धुके उतरते. आधी शेते दिसेनाशी झाली, मग झाडे, मग रस्त्याची कड. वीस मीटरपलीकडचे काही दिसेना. पुढच्या नऊ गाड्यांचे लाल दिवे एक एक करून विझल्यासारखे झाले. राहिला फक्त राजदूतचा दिवा. चाचांनी वेग अगदी कमी केला, ताशी पंचवीस, कधी वीस.

माझ्या चष्म्यावर पाणी जमले होते. बोटे बधिर झाली होती. त्यात राजदूतचा धूर धुक्यात मिसळून सरळ नाकात शिरत होता. पुढचे सगळे पैठणला पोहोचून गरम चहा पीत असतील, असा विचार माझ्या मनात आला. तो एकदा आला आणि मग गेलाच नाही.

तेवढ्यात मागून एक ट्रक आला. चाचांनी त्याला वाट देण्यासाठी राजदूत रस्त्याच्या अगदी कडेला घेतली. ट्रक त्यांना ओलांडून पुढे गेला आणि मी त्या ट्रकच्या मागोमाग पुढे निघून गेलो.

मी हॉर्न वाजवला नाही. वाजवला असता, तर चाचांना कळले असते की मी चाललो आहे. ‘सरळ तर रस्ता आहे, येतील हळूहळू,’ असे मी स्वतःला सांगितले. ट्रकचे दिवे पाहत पाहत मी पैठण गाठले.

पैठणला नऊ गाड्या रांगेने उभ्या होत्या. माझी दहावी. कारकुनांनी माझ्या मागे पाहिले. “चाचा?” त्यांनी विचारले. “येताहेत,” मी म्हणालो. माझ्या हातात चहाचा पेला आला. तो गरम होता, एवढेच मला आठवते. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. फोन लावला, तर तो बंद. गाडी चालवताना चाचा फोन बंद ठेवत. वीस मिनिटांनी मी पेला ठेवला आणि कोणी काही बोलण्याच्या आत गाडी परत फिरवली.

मुलांनो, त्या परतीच्या रस्त्यावर मी काय काय पाहिले, ते सांगून तुम्हांला घाबरवत नाही. जे नव्हते तेही मला दिसत होते. कडेला पडलेले पोते दिसले की छातीत धस्स होई.

सात-आठ किलोमीटर आल्यावर धुक्यात प्रथम दोन बैल दिसले. ते गाडीपासून सोडून कडेच्या बाभळीला बांधले होते. मग उसाने भरलेली टायरची बैलगाडी दिसली. तिचा एक टायर फुटला होता आणि गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी खाली, अशी कलंडली होती. एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलीला कुशीत घेऊन उसाच्या आडोशाला बसली होती. मुलीच्या अंगाभोवती उर्दू वर्तमानपत्र गुंडाळले होते.

गाडीच्या मागे पन्नास-साठ पावलांवर राजदूत उभी होती. तिचे इंजिन चालू होते, मागचा लाल दिवा लागलेला होता. तिच्याही मागे, रस्त्याच्या कडेला चाचा हातात छोटी बॅटरी घेऊन, ती हलवत उभे होते.

मी गाडी उभी करून त्यांच्याकडे धावलो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले.

“लागले तर नाही ना?” त्यांनी विचारले.

“नाही, चाचा.”

मग त्यांच्या लक्षात आले. “तू पुढून आलास,” ते म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. तेही थोडा वेळ बोलले नाहीत. नंतर अगदी हळू आवाजात म्हणाले, “मी दोनदा हात वर केला होता.”

घडले होते ते असे. हात वर केल्यावर मागून दिव्याचे उत्तर आले नाही. त्यांना वाटले, मी पडलो. त्या ट्रकने मला उडवले असेल, असेही त्यांना वाटले. थकलेल्या डोळ्यांनी, त्या धुक्यात, ते दोन किलोमीटर मागे गेले होते. दोन्ही बाजूंच्या चारींत वाकून पाहत गेले होते. मी सापडलो नाही, म्हणून परत फिरले, तर वाटेत ही गाडी कलंडलेली. गाडीवान नवा टायर आणायला गावाकडे गेला होता. गाडीला मागे दिवा नव्हता, साधा लाल चकाकणारा कागदही नव्हता. अशा धुक्यात भरधाव वाहन आले असते, तर उसाच्या मोळ्या दिसेपर्यंत ते त्यांच्यावर जाऊन आदळले असते. म्हणून चाचा तेथेच थांबले होते.

“बॅटरी धर,” ते म्हणाले. “तुझ्या पिशवीतली मोठी आहे, ती काढ. माझी आता पिवळी पडली.”

मी त्यांच्या जागी उभा राहिलो. ते जाऊन बाईजवळ बसले आणि मुलीशी काहीतरी बोलू लागले. थोड्या वेळाने एक लाल एस. टी. आली. चालकाने दिवा पाहून वेग कमी केला आणि सावकाश बाजूने गेला. मग एक जीप आली. ती वेगात होती. तिचा आवाज आधी आला, दिवे फार उशिरा दिसले. मी बॅटरी जोरजोराने हलवत मागे सरकलो. ब्रेकचा कर्कश आवाज झाला. जीप घसरत आली आणि राजदूतच्या अलीकडे दहा पावलांवर थांबली. चालक खाली उतरला. तो तरुण होता. त्याने उसाची गाडी पाहिली, बाई पाहिली, मुलगी पाहिली. तो रागावेल असे मला वाटले होते. तो काही न बोलता परत जीपमध्ये बसला, जीप कडेला घेतली आणि तिचे सगळे दिवे लावून ठेवले. मग तोही आमच्याबरोबर थांबला.

ते दहा पावलांचे अंतर मी नंतर अनेकदा मनात मोजले आहे.

नऊच्या सुमाराला ऊन आले आणि धुके विरले. गाडीवान टायर घेऊन आला. जीपमधल्या जॅकने गाडी उचलून चाक बसवले. निघताना बाईने आम्हांला दोन ऊस दिले. चाचा नको नको म्हणत होते. पण तिने ते राजदूतच्या मागे बांधलेच.

जायकवाडीला आम्ही साडेदहाला पोहोचलो. या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणाला २७ दरवाजे आहेत. जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून ‘नाथसागर’ म्हणतात. १९८६ पासून हा परिसर पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात येथे दूरदूरचे पक्षी येतात. त्या दिवशी दूर, उथळ पाण्यात तीस-चाळीस रोहित पक्षी उभे होते. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या अन्नातून येतो, असे आमच्यातले शिक्षक सर्वांना समजावून सांगत होते. मी दुर्बिणीतून पाहिले. पण माझे लक्ष तेथे नव्हते. दुर्बीण लगेच पुढच्याला दिली.

दुपारी आम्ही बिडकीनला शेतात आलो. हुरडा तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ला असेल. ज्यांनी खाल्ला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीचे दाणे पूर्ण वाळण्याआधी, कोवळे आणि दुधाळ असताना कणसे खुडायची. जमिनीत लहानसा खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या. ही आगटी. निखाऱ्यांत कणसे भाजायची आणि चटका बसत असतानाच तळहातांवर चोळायची. हिरवेगार, मऊ दाणे मोकळे होतात. फुंकर मारली की कोंडा उडून जातो. हे चोळण्याचे काम दादा करतो. त्याचे तळहात इतके राठ आहेत, की निखाऱ्यातले कणीस तो सहज उचलतो. वहिनींनी लसणाची, तिळाची आणि शेंगदाण्याची अशा तीन चटण्या केल्या होत्या. गूळ होता, ताक होते, बोरे होती. आईने प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवला. बिडकीनच्या आसपासची हजारो एकर जमीन अलीकडे उद्योगांसाठी घेतली गेली. तेथे रुंद रस्ते झाले, विजेचे खांब उभे राहिले. दादाचे शेत त्यातून थोडक्यात राहिले. म्हणून आमची आगटी अजून पेटते.

सगळे आगटीभोवती गोल बसले. चाचांनी छातीवरचे वर्तमानपत्र त्या मुलीला दिले होते, म्हणून फळवाल्याने स्वतःचे पान काढून त्यांच्यापुढे हुरडा ठेवायला पसरले. मग कारकुनांनी सहज विचारले, “चाचा, सकाळी एवढा उशीर का झाला?”

“गाडी कलंडली होती ना उसाची,” चाचा म्हणाले. “थांबावे लागले.”

ते खोटे नव्हते. पण ते पुरते खरेही नव्हते. चाचा माझ्याकडे पाहत नव्हते. ते शांतपणे हुरडा निवडत होते. एवढ्यावर सगळे भागले असते. कोणी पुढे विचारले नसते. माझ्या घशात हुरड्याचा घास अडकला.

“मी त्यांना सोडून पुढे गेलो होतो,” मी म्हणालो. “शेवटची गाडी माझी होती. मी त्यांना ओलांडले. ते मला शोधायला मागे गेले.”

कोणी काही बोलले नाही. आई माझ्याकडे पाहत होती. दादाने चोळत असलेले कणीस खाली ठेवले. धूर माझ्याकडेच येत होता, तरी मला जागा बदलण्याचा धीर झाला नाही. शेवटी आईच म्हणाली, “ताक घे.” मी ताक घेतले.

चार वाजता निघायची वेळ झाली. गाड्या रांगेत लागल्या. मी पिशवी सोडून हातात घेतली आणि चाचांपुढे धरली. मला वाटले, ती आता त्यांनी दुसऱ्या कोणाकडे द्यावी. त्यांनी पिशवी घेतली, तोंड उघडून आत पाहिले, मोठी बॅटरी काढून पेटवून बघितली. मग स्वतःची छोटी बॅटरीही तिच्यात टाकली आणि पिशवी परत माझ्या गाडीला बांधायला लागले.

“गाठ सैल होती तुझी,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर धुके नव्हते. ऊन तुरीच्या शेतांवर तिरपे पडले होते. राजदूत ताशी चाळीसच्या पुढे गेली नाही आणि तिचा धूर पूर्वीसारखाच माझ्या नाकात जात होता. उसाची दोन टोके तिच्या मागे हलत होती. चितेगावच्या अलीकडे, अजून पुरते उजेड असताना, चाचांचा डावा हात वर गेला.

मी दिवा दोनदा उघडझाप केला.